थायरॉईड आहे म्हणून नाक बंद राहतं का?

घणसोलीच्या एका ताईंनी प्रश्न टाकलाय, आधी तो थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. वय ३८, दीड वर्षापूर्वी थायरॉईड कमी निघाला तेव्हा टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात हा आकडा वाढतो) ११.८ होता, थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, आत्ताच्या रिपोर्टमध्ये ६.९ आलाय. साधारण वर्षभर नाक गच्च असतं, कधी डावं कधी उजवं, घशात मागून चिकट पडत राहतं, सकाळी उठल्यावर चेहरा जड, शिंका, आणि रात्री नाकात ड्रॉप्स टाकल्याशिवाय झोप लागत नाही असं सात-आठ महिने चाललंय. एका डॉक्टरांनी सांगितलं हा थायरॉईडचाच सायनस, टीएसएच नॉर्मल आला की नाक आपोआप सुटेल. दुसरीकडे थेट सीटी लिहून दिला. ताई विचारतायत की खरं काय, सीटी करू का, आणि नऊ वर्षांच्या मुलीचं पण नाक सारखं चोंदलेलं असतं तर तिचाही थायरॉईड तपासायचा का.

ताई, मी ठाण्यात नाक-कान-घशाची प्रॅक्टिस करतो आणि हा प्रश्न ओपीडीत मला सतत ऐकायला मिळतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या पूर्ण मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की वर्षभरात तुमच्या नाकात दुर्बीण घालून कोणी बघितल्याचा उल्लेखच नाही. थायरॉईडचे रिपोर्ट तीन वेळा झाले, नाकाची तपासणी एकदाही नाही. म्हणजे नाक का बंद आहे याचं उत्तर आपण रक्तात शोधतोय.

आता थायरॉईडचा आणि नाकाचा संबंध आहे का? आहे. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की शरीरातल्या मऊ भागांमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठायला लागतात, म्हणून काही जणांचे डोळे, चेहरा सकाळी सुजलेले दिसतात, जीभ जाड वाटते, आवाज घोगरा होतो. तीच सूज नाकाच्या आतल्या अस्तराला आणि टर्बिनेटला येऊ शकते, टर्बिनेट म्हणजे ज्याला लोक "नाकात मांस वाढलंय" म्हणतात ते, खरं तर ते सगळ्यांनाच असतं, सुजलं की त्रास. अ‍ॅलर्जी नसताना नाक बंद राहण्याची जी कारणं आम्ही शिकतो त्यात थायरॉईड कमी असणं, प्रेग्नन्सी ही हार्मोनची कारणं आहेतच. वास आणि चव कमी होणं हेही थायरॉईड कमी असलेल्या काही पेशंटमध्ये दिसतं.

पण हे किती होणार ते हार्मोनची कमतरता किती आणि किती दिवसांची यावर अवलंबून आहे. टीएसएच ६०-७० आहे, फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉईडचं हार्मोन खाली गेलंय, माणूस पूर्ण सुस्त, आवाज बसलेला, अशा पेशंटचं नाक त्यामुळे गच्च आहे असं म्हणायला मला काही अडचण वाटत नाही. ६.९ वर, गोळी चालू असताना, फ्री टी-४ बहुतेक ठीकच असणार, तिथे वर्षभराचं बंद नाक, शिंका आणि घशातला चिकटा हे सगळं एकट्या थायरॉईडवर टाकणं मला पटत नाही. शिंका तर थायरॉईडच्या नसतातच, त्या सरळ अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतात. बायकांमध्ये थायरॉईड खूप कॉमन, आपल्या भागात नाकाची अ‍ॅलर्जी त्याहून कॉमन, दोन्ही एकाच बाईला असणं यात नवल काहीच नाही, पण एक दुसऱ्यामुळे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही.

गोंधळ होतो तो लक्षणांमुळे. थायरॉईड कमी असेल तर थकवा, डोकं जड, झोपून उठल्यावरही फ्रेश नाही. नाक बंद असेल तर रात्रभर तोंडाने श्वास, झोप मोडते, घसा कोरडा, आणि सकाळी तेच, थकवा आणि डोकं जड. पेशंटला वाटतं गोळी लागू पडत नाहीये, डोस वाढवून मागतात, आणि प्रत्यक्षात नाक सुधारलं की अर्धा थकवा जातो. घोरत असाल, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येत असेल तर ते पण सांगा डॉक्टरांना, थायरॉईड कमी असणाऱ्यांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाकडे, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याकडे, लक्ष द्यावं लागतं.

आधी थायरॉईडची बाजू नीट करून टाकू, कारण ६.९ हा आकडा पण मला आवडलेला नाही. सर्वसाधारण रेंज ०.४ ते ४.५ च्या आसपास धरतात, लॅबप्रमाणे थोडा फरक. दीड वर्ष गोळी घेऊन टीएसएच रेंजमध्ये येत नसेल तर मी डोसच्या आधी पेशंटला विचारतो की गोळी घेता कशी. तुम्ही लिहिलंय की सकाळी उठून गोळी, मग लगेच चहा, आणि डब्याच्या घाईत त्याच वेळी कॅल्शियम पण उरकून टाकते. ताई, इथेच मोठी गळती असू शकते. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी-नाश्ता काही नाही. कॅल्शियम, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं सिरप यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत ४ तासांचं अंतर पाहिजे, नाहीतर गोळी पोटातच बांधली जाते आणि रक्तात पोचतच नाही. सकाळी ७ ची ट्रान्सहार्बर लोकल पकडायची असेल तर सकाळचा तास मिळणं अवघड आहे हे मला माहितीये, अशा वेळी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर ३ तासांनी घेता येते, फक्त रोज एकच पद्धत ठेवा. गोळ्यांची बाटली ओट्यावर गॅसच्या बाजूला ठेवू नका, उष्णता आणि पावसाळ्यातली ओल दोन्ही वाईट.

तुम्ही केस गळतात म्हणून बायोटिन घेताय असंही लिहिलंय. बायोटिनने थायरॉईड बिघडत नाही, पण बऱ्याच लॅबच्या मशीनची टेस्ट ज्या पद्धतीने चालते त्यात ते लुडबुड करतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. म्हणून रक्त द्यायच्या निदान २ दिवस आधी ते बंद ठेवा आणि लॅबला सांगा. तसंच जोरदार ताप-सर्दी चालू असताना किंवा सायनससाठी स्टिरॉईडच्या गोळ्या नुकत्याच झालेल्या असताना टीएसएच करू नका, दोन्हीमुळे आकडा हलतो. गोळी नीट घ्यायला लागल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी परत टेस्ट, त्याआधी करून उपयोग नाही, कारण थायरॉक्सिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच साधारण आठवडा लागतो, पातळी स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो.

आता नाक. यात सगळ्यात आधी मी ज्याला हात घालेन ते म्हणजे रात्रीचे ड्रॉप्स. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले ते थेंब दोन मिनिटात नाक उघडतात, कारण ते टर्बिनेटमधल्या रक्तवाहिन्या आवळतात. असर उतरला की त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, परत थेंब, परत फुगणं. हे ४-५ दिवसांच्या पलीकडे वापरायचं औषधच नाही, तुमचे सात-आठ महिने झालेत. अशा नाकात दुर्बीण घातली की अस्तर लालभडक, सुजलेलं, हात लागला तर रक्त येईल असं दिसतं, आणि पेशंट म्हणतो डॉक्टर मला थायरॉईडमुळे नाक बंद आहे. तुमचं वर्षभराचं नाक बंद असण्यातला बराचसा भाग या बाटलीचा असेल असा माझा अंदाज आहे, बघितल्याशिवाय छातीठोक सांगू शकत नाही.

सोडायचे कसे? एकदम दोन्ही बाजूचे बंद केले की दोन-तीन रात्री इतका त्रास होतो की माणूस परत मेडिकलवर जातो. मी सहसा आधी स्टिरॉईडचा नाकातला स्प्रे चालू करतो, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा, आणि मग एका नाकपुडीचे थेंब बंद करायला सांगतो, ती बाजू सुटली की दुसरी. साधारण आठवडा ते दोन आठवडे कठीण जातात. स्टिरॉईड शब्द ऐकून घाबरू नका, या स्प्रेचा रक्तात जाणारा भाग अगदी थोडा असतो आणि थायरॉईडच्या गोळीशी त्याचं काही वाकडं नाही. पण तो पहिल्या दिवशी काम करत नाही, पूर्ण फरक कळायला २ ते ४ आठवडे लागतात, लोक चार दिवसात कंटाळून सोडतात. आणि मारायची पद्धत बघा, माझ्यासमोर पेशंट करून दाखवतात तेव्हा बहुतेकांची चुकीची असते, मान मागे टाकतात, नळी मधल्या पडद्याकडे धरतात आणि फुर्र करून जोरात ओढतात, सगळं औषध घशात आणि पडद्याला जखम होऊन रक्त. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, नोझलचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे, स्प्रे मारताना हळू श्वास. बस.

स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं फार उपयोगी, घशातला चिकटा त्याने सगळ्यात लवकर कमी होतो. फक्त पाणी उकळून गार केलेलंच, फिल्टरचं किंवा नळाचं थेट नको. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करून दोन जण मेंदू खाणाऱ्या अमिबाने गेले होते, आणि आपल्याकडे तर सोसायटीच्या टाक्या कधी धुतल्या जातात ते सगळ्यांना माहितीये. पाणी एक मिनिट खळखळून उकळू द्या, बाटली रोज धुवून सुकवा.

अजून एक, जे थायरॉईडवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवायचं. घसा खवखवतो म्हणून महिनोन् महिने पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या करू नका. त्यातलं आयोडीन शरीरात शोषलं जातं आणि थायरॉईड आधीच कुरकुरत असेल तर टीएसएच वर जाऊ शकतो. चार दिवस ठीक, रोजची सवय नको, साधी मिठाची गुळणी करा. (जेवणातलं आयोडीनयुक्त मीठ मात्र बंद करायचं काही कारण नाही, ते बरेच जण उगाच करतात.) सर्दीच्या ज्या गोळ्या मेडिकलमधून घेतो त्यात फिनाइलएफ्रिन असतं, पाकिटावर थायरॉईडच्या पेशंटसाठी सूचना पण असते, ती जास्त करून थायरॉईड वाढलेल्यांसाठी आहे कारण धडधड वाढते. तसंही २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की पोटात घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने बंद नाक सुटत नाही. मग घ्यायची कशाला.

आता अ‍ॅलर्जीचा भाग, कारण शिंका. हे तुम्ही राहता कुठे, काम कुठे करता यावर फार आहे. घणसोली-रबाळे-कोपरखैरणे-तुर्भे हा सगळा पट्टा एमआयडीसीला लागून, रात्री खिडकी उघडली की वास येतो हे तिथले लोक सांगतात, इकडे घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी खाडीकडे बघितलं तर धुरकट पडदा. माझा एक पेशंट वाशीच्या मसाला मार्केटमध्ये गोदामावर होता, मिरचीची पोती हलवायचं काम, त्याला पण थायरॉईड होता, टीएसएच एकदम व्यवस्थित, २ च्या आसपास, आणि तरी घरचे सगळे म्हणायचे हे थायरॉईडमुळेच. त्याला मी एकच विचारलं की गावी गेल्यावर नाक कसं असतं, तर म्हणाला गावी गेलो की चार दिवसात सुटतं. थायरॉईड तर गावी पण बरोबरच जातो ना. मास्क, नाक धुणं आणि स्प्रे एवढ्यावर तो सुधारला.

तुम्हाला पण तोच प्रश्न. सुट्टीत बाहेरगावी कमी होतं का, घर झाडताना वाढतं का, पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन काळे ठिपके पडतात का, कपाट उघडल्यावर शिंका येतात का. आपल्याकडच्या दमट हवेत गादी-उशीतले धुळीतले किडे आणि भिंतीवरची बुरशी हे दोन मोठे गुन्हेगार. उशांची अभ्रे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात, गादीला ऊन, गळती असेल तर सोसायटीच्या मागे लागून ती काढून घ्या, वरवर रंग मारून काही होत नाही.

सीटी करू का याचं उत्तर, आत्ता लगेच नको, आधी दुर्बीण. नेझल एंडोस्कोपी ओपीडीतच होते, भूल म्हणून नाकात औषधाची पट्टी ठेवतात, पाच मिनिटांचं काम. त्यात फिकट निळसर, पाणी भरल्यासारखे टर्बिनेट दिसले तर अ‍ॅलर्जीकडे झुकतो, लालभडक असतील तर थेंबांची सवय, मधल्या टर्बिनेटखालून पू येताना दिसला किंवा द्राक्षाच्या मण्यासारखे पॉलिप दिसले तर खरा क्रॉनिक सायनस. थायरॉईडची सूज पण फिकट आणि फुगीर दिसू शकते, नुसत्या रंगावरून तिला अ‍ॅलर्जीपासून वेगळं करता येत नाही, म्हणून तिथे टीएसएच आणि पेशंटची हकिगत दोन्ही लागतात. क्रॉनिक सायनस म्हणायला १२ आठवड्यांपेक्षा जास्त त्रास हवा, त्यात नाक बंद किंवा घट्ट स्राव, सोबत चेहरा दुखणं किंवा वास कमी, आणि वर दुर्बिणीत किंवा सीटीत पुरावा. नुसतं "चेहरा जड" याला सायनस म्हणता येत नाही. औषधं नीट महिना-दीड महिना घेऊनही फरक नाही किंवा दुर्बिणीत पू-पॉलिप आहे, तर मग सीटी, आणि तो साधा, कॉन्ट्रास्टशिवाय (म्हणजे शिरेतून ते रंगाचं इंजेक्शन न देता). कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं आणि साध्या सायनसला त्याची गरजही नसते, सेंटरवर विचारून घ्या. सर्दी चालू असताना काढलेल्या सीटीत अस्तर जाड दिसणारच, आणि हाड थोडं वाकडं तर निम्म्या जगाचं असतं, तेवढ्यावरून ऑपरेशनला हो म्हणू नका.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. एकाच बाजूचं नाक कायम बंद, त्यातून रक्त किंवा घाण वास (वरच्या दाढेचं इन्फेक्शन पण असं करतं, डेंटिस्टला दाखवा), डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून नळासारखं स्वच्छ पाणी, डायबेटिस असताना नाकात काळी खपली, २०२१ मध्ये म्युकर (काळी बुरशी) आपण सगळ्यांनी बघितलाय. गळ्याची गाठ वाढतेय आणि आवाज बदललाय तर त्यालाही सर्दी म्हणून सोडून देऊ नका.

हे वाचणाऱ्यांत थायरॉईड वाढलेले पण असतील, त्यांच्यासाठी वेगळं लिहितो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. कार्बिमाझोल (थायरॉईड कमी करणारी गोळी) चालू असताना ताप आणि घसा दुखणं सुरू झालं तर "सायनस असेल, घशात उतरलंय" म्हणून वाफ घेत बसू नका. या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात आणि ते जिवावर बेतू शकतं. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट. रविवार असला तरी त्याच दिवशी. नुसतं नाक बंद असेल आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, या बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्यांनी पण नाक चोंदू शकतं.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा लावेन. उद्यापासून गोळी रिकाम्या पोटी, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. या आठवड्यात एखाद्या ईएनटीकडे एंडोस्कोपी, तिथे ड्रॉप्सचं खरं खरं सांगा, लपवू नका, पेशंट बऱ्याचदा सर्दीची पाच औषधं सांगतात आणि ही बाटली सांगत नाहीत. त्यांच्या सल्ल्याने स्प्रे, नाक धुणं, थेंब बंद. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच, बायोटिन थांबवून. तोपर्यंत नाक किती सुटलं ते आपोआप कळेल. टीएसएच रेंजमध्ये आला आणि नाक तसंच राहिलं तर थायरॉईडचं नाव त्यातून काढून टाका आणि अ‍ॅलर्जी टेस्ट, सीटी या दिशेने जा. थायरॉक्सिनचा डोस नाकासाठी वाढवून घेऊ नका, जास्त झाला तर धडधड आणि पुढे हाडं ठिसूळ, नाक तिथल्या तिथे.

मुलीचं. नऊ वर्षांच्या मुलांमध्ये नाक बंद राहण्याचं कारण बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नाहीतर नाकाच्या मागे वाढलेले अ‍ॅडिनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारख्याच गाठी. तोंड उघडं ठेवून झोपते का, घोरते का, टीव्हीचा आवाज वाढवते का, शाळेत बाईंना परत परत "काय?" विचारते का, हे बघा, कारण अ‍ॅडिनॉइडमुळे कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि आई-वडिलांना वाटतं मुलगी लक्ष देत नाही. थायरॉईड तिचा नाकासाठी तपासायची गरज नाही. तिची उंची वाढणं मंदावलं असेल, वर्गातल्या मुलींच्या मागे पडत असेल, बद्धकोष्ठ, सुस्ती, गळा भरलेला दिसत असेल तर मात्र करा, आईला थायरॉईड आहे म्हटल्यावर पीडिअ‍ॅट्रिशियन तसेही ते विचारतीलच. तुमच्या एंडोस्कोपीच्या दिवशी तिलाही बरोबर घेऊन जा, एका फेरीत दोघींचं होईल, आणि तुमचे ते ड्रॉप्स तिच्या नाकात कधी टाकू नका.